गोल घरातली मूले

भावजी,

तुमच्या तेराव्याला पंगती उठल्यावर मी तुमच्या वेताच्या खुर्चीत बसलो. मुद्दाम नव्हे. गुडघे ठणकत होते आणि जवळ दुसरी खुर्ची नव्हती. इतक्या वर्षांत तिथं बसणारे तुम्ही एकटेच. कुणी मनाई केली नव्हती, पण कुणी बसत नसे. मी डोळे मिटले आणि अक्का अगदी माझ्या कानाशी बोलली, "तुझ्या बाबाला आणखी पायस देऊ नको गं, साखर आहे त्याला." दचकून पाहिलं तर जवळपास कुणीच नाही. अक्का घराच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, भिंतीकडे तोंड करून माझ्या मुलीशी, मंजूशी कुजबुजत होती. मधे खांद्याएवढी आडभिंत, जेवणाचं टेबल आणि चांगलं चौदा पावलांचं अंतर. तरी तिचा शब्द न् शब्द घुमटावरून घसरत येऊन माझ्या कानात पडत होता.

आधी गंमत वाटली. मग त्याच ओट्यापाशी उभं राहून मी एकदा अक्काला काय बोललो होतो ते आठवलं, आणि तेव्हा तुम्ही याच खुर्चीत पेपर वाचत बसला होतात. पस्तीसेक वर्षं मी समजत आलो की ते फक्त अक्कानं ऐकलं.  तुम्ही ते ऐकलं होतंत का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायला तुम्ही नव्हता.

लोक अजून भेटायला येतात. म्हैसुरातल्या मेटगळ्ळीच्या कारखान्यातले तुमचे जुने सोबती येतात, गोकुलमातले शेजारी येतात, आणि सगळे तुम्हाला देवमाणूस म्हणून मोकळे होतात. मी मान हलवतो. तुम्ही देवमाणूस बिलकूल नव्हता. तुम्ही हट्टी होतात. दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कागदावर रेघोट्या ओढायला लागायचात. आणि सरळ भिंतीचा तर तुम्हाला जन्माचा तिटकारा होता. सुतार मेहुणा मिळालेल्या माणसाला हे शोभत नाही.

आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. आजोबांनी कापड रंगवलं, वडिलांनी कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरले, आणि ठशांचे दिवस संपल्यावर मी त्याच पटाशीनं लष्कर मोहल्ल्यात कपाटं करायला लागलो. तुम्ही कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढत होतात. अक्काचं लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले, जावई रेघ मारतो, मुलगा रेघेवर कापतो, दोघांचं चांगलं जमेल. वडिलांचे बरेच अंदाज चुकले, त्यातला हा एक.

लग्नाला वर्ष होत नाही तोच तुम्ही गोकुलमात जागा घेतलीत. तेव्हा तिथं योगाच्या शाळा नव्हत्या आणि परदेशी पोरीही नव्हत्या, निम्म्याहून जास्त मोकळं रान होतं. कारखान्याच्या वाचनालयातल्या परदेशी मासिकांत तुम्ही दोन हजार सालातली घरं पाहिली होती, आणि ते साल यायची वाट बघायला तुमची तयारी नव्हती. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, आणि वर थापलेलं सिमेंट. खांब नाही, तुळई नाही. भिंत कुठं संपली आणि छप्पर कुठं सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. मेस्त्री बिचारा दर शनिवारी विचारायचा की सार, छप्पर कधी घालायचं, आणि तुम्ही म्हणायचात की तू त्याच्यावरच बसला आहेस.

काय काय केलं होतंत तुम्ही त्या घरात. माथ्यावर काचेचा डोळा, दोरी ओढली की उघडणारा. त्यातून फरशीवर उन्हाचा एक गोल पडायचा आणि दिवसभर सरकत राहायचा. त्याच्या वाटेवर तुम्ही तासांच्या खुणा कोरल्या होत्या. बाक भिंतीतूनच निघालेले, पलंगही भिंतीतूनच निघालेला. पायानं पट्टी दाबली की दार आपोआप सरके. उशाशी विमानात असावी तशी बटणांची पाटी, तिच्यावरून साऱ्या घरातले दिवे. छतावर काळ्या नळ्यांत उन्हानं तापणारं पाणी. आणि ते जेवणाचं गोल टेबल, कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या मोटारीवर फिरणारं. लोकांनी घराला नाव पाडलं इडली मने, म्हणजे इडलीघर. पोस्टमन तेवढ्या पत्त्यावर पत्र आणून देई.

गृहप्रवेशाला भटजींनी आत पाऊल टाकलं आणि विचारलं, ईशान्य मूले कुठली. आमच्या म्हैसुरी मराठीत कोपऱ्याला कोपरा कुणी म्हणत नाही, कानडीतला मूले हाच आमचाही शब्द. कलश ईशान्येच्या मूलेत ठेवायचा असतो. तुम्ही खिशातून होकायंत्र काढलंत आणि भिंतीवर खडूनं एक ठिपका करून दाखवलात. भटजी म्हणाले, हा ठिपका झाला, मूले कुठाय. तेव्हा आमचे काका मोठ्यानं म्हणाले, "अय्यो, या घरात मूलेच नाही."

सोलापूरहून आलेल्या तुमच्या मावशींना कानडीचा गंध नव्हता. त्यांना ऐकू आलं, या घरात मुलेच नाहीत. त्या लगबगीनं पुढं झाल्या, अक्काच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की होतील गं बाई, आत्ताशी कुठं लग्न झालंय. सगळा घुमट हसण्यानं भरून गेला. पुढं पंगतीत तुमची मोटार भलत्याच जोरात फिरली आणि कोशिंबिरीचं भांडं टेबलावरून उडून थेट अक्काच्या मांडीवर आलं. काका म्हणाले, बघा, घरानंच हिची ओटी भरली. अक्का डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली होती. तुम्ही मात्र टेबलाखाली शिरून मोटार बघत होतात.

तो विनोद आमच्याकडे पुष्कळ दिवस चालला. कुणी तुमच्याकडे निघालं की म्हणायचं, मूले नसलेल्या घरी चाललोय. मग हळूहळू कुणी तो करेनासं झालं. तुम्ही दोघं कुठल्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

अशीच आठनऊ वर्षं गेल्यावर मी अक्कासाठी ते सागवानी कपाट केलं. दारांवर वडिलांच्या ठशातली कुयरी कोरली. गिऱ्हाइकांची कामं सांभाळून सहा महिने त्याच्यावर खपलो, आणि एका रविवारी हातगाडीवर घालून लष्कर मोहल्ल्यातून गोकुलमपर्यंत चालत आणलं. आत नेऊन भिंतीला लावलं तर वरची कड घुमटाला टेकली आणि खालचे पाय भिंतीपासून दीड फूट दूर. मला हे माहीत नव्हतं का? होतं. डोळ्यांनी माप घेणारा माणूस मी. पण मला वाटलं होतं, कपाट एकदा पाहिलं की तुम्ही तुमच्या भिंतीचं काहीतरी कराल.

तुम्ही चष्मा कपाळावर सारलात, कुयरीवरून बोट फिरवलंत, आणि म्हणालात, "काम सुरेख आहे, वसंता. पण हे या घरातलं नाही. परत ने." आणि खुर्चीत जाऊन पेपर उघडलात. तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नसणार. तुमच्या लेखी ते माप चुकलेला एक भाग होता.

मी तणतणत ओट्यापाशी गेलो. अक्का भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटत होती. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि दात आवळून, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी खालच्या आवाजात म्हणालो, "ना मूले, ना मुले. काय घर बांधलंय तुझ्या नवऱ्यानं."

शब्दाला शब्द जमला म्हणून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. अक्काचं लाटणं थांबलं. माझ्याकडे न बघता तिनं मान वर केली आणि एवढंच म्हणाली, "हळू." मी समजलो तिला लागलं, आणि उगाच पाणी पिऊन बाहेर आलो. तुम्ही पेपरातून डोकं वर काढलं नाहीत. कपाट तसंच भिंतीपासून सुटं, अवघडून उभं होतं.

पुढच्याच रविवारी तुमची स्कूटर माझ्या दुकानासमोर लागली. तुम्ही कधी तिकडे येत नसा, भुशानं शिंका येतात म्हणायचात. एकामागून एक शिंका देत तुम्ही आत आलात, रंध्याखालची फळी बाजूला केलीत आणि एक ड्रॉइंग पसरलंत. गोल घराच्या आत दोन लाकडी भिंती, एकमेकींना काटकोनात भिडलेल्या, आणि त्यांच्यामध्ये माझं कपाट इंचाइंचानं मावलेलं. म्हणालात, एक मूले करायची आहे, नव्वद अंशाची. मी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं. कपाटाच्या कडेला जमिनीपासून दोन फुटांवर एक फळी दाखवली होती. इतकी खाली कशाला, अक्काला वाकावं लागेल, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात असू दे, खालची जागा वाया कशाला घालवायची.

मला तर आकाश ठेंगणं झालं. चहाच्या दुकानावर भेटेल त्याला सांगितलं की भावजी हरले, माझ्या कपाटापुढं त्यांचा गोल घुमट वाकला. तुमच्या तोंडावरही सांगितलं, एकदा नाही, वर्षानुवर्षं. सणावारी चार माणसं जमली की मी ती गोष्ट काढायचो आणि तुम्ही चष्मा पुसत ऐकून घ्यायचात. कधी एका शब्दानं अडवलं नाहीत.

बदला तुम्ही दसऱ्याला घ्यायचात. आयुधपूजेला तुमची कंपासपेटी आणि माझी पटाशी एकाच पाटावर मांडलेली असे. काटकोन तपासायच्या गुण्याला कुंकू लावायच्या आधी तुम्ही तो त्या मूलेत नेऊन धरायचात, एक डोळा मिटायचात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायचात की अर्धा अंश कमी. मी म्हणायचो तुमचा गुण्या वाकडा आहे. तुम्ही म्हणायचात सुतार वाकडा आहे. मग अक्का दोघांनाही चुंबक लावल्यासारखी पाटावर ओढून आणायची. गेल्या दसऱ्याला तुमचा हात इतका कापत होता की गुण्या लाकडावर ठरेना. मग मी धरला आणि तुम्ही वाचलंत, अर्धा अंश कमी. तो वाद तसाच राहिला.

त्या खालच्या फळीबद्दलही बोलायचं राहिलं. मंजू पाच वर्षांची असताना तिची आई अंथरुणाला खिळली आणि पोरीला तुम्ही दोघांनी इकडे आणलंत. महिनाभर म्हणून आली ती दहावी होईपर्यंत राहिली. ती फळी तिच्या बरोबर उंचीची निघाली. तिची पाटी, तिचे बूट, तिनं पेन्सिलीनं लिहिलेलं स्वतःचं नाव, सगळं तिथं. मला वाटायचं किती छान योग जुळून आला. तुम्ही ती फळी मुळात कुणासाठी काढली होतीत, हे मी एकदाही विचारलं नाही. पोरीला तुम्ही वाढवलंत, तिच्या आईला त्या आजारात निवांतपणा दिलात, आणि मी तुमचे साधे आभारही मानले नाहीत. आपल्यात आभार कसले, असं म्हणून मी ते टाळलं. खरं म्हणजे मला जमलं नाही.

आता गोकुलमात चहूकडे काचेची चौकोनी घरं झाली आहेत. फोनवर बोट ठेवलं की दिवे लागतात, दार उघडतं, पडदे सरकतात. चटया बगलेत मारून जाणाऱ्या परदेशी पोरी मात्र त्या घरांसमोर थांबत नाहीत, इडली मनेसमोर थांबून फोटो काढतात. मागं एकदा एक तरुण आर्किटेक्ट कॅमेरा घेऊन आला होता. तुम्ही चाळीस वर्षांपूर्वीच पुढचा काळ पाहिला होता, असं काहीतरी तो म्हणाला. तुम्ही हसून म्हणालात, "पुढचा काळ आला की. पण तो दुसऱ्या रस्त्यानं गेला." मीही हसलो. तेव्हा मला सांगायचं होतं की हे घर मला आवडतं. उन्हाळ्यात आत आलं की अंग निवतं, आणि फरशीवरचा तो उन्हाचा गोल बघत बसलं की दुकानातली कटकट विसरायला होते. पण तुमच्यासमोर असं कबूल करणं म्हणजे हरणं, म्हणून गप्प बसलो.

तेराव्याला मंजू पाहुण्यांना बसस्टँडवर सोडायला गेली आणि घरात मी आणि अक्का उरलो. मी तिला जवळ बसवून विचारलं की ओट्यापाशी बोललेलं भावजींना ऐकू यायचं का.

"बरं यायचं की," अक्का म्हणाली. "मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी तर त्याच्यासाठीच तिथं बोलायची."

मग तिनं सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. तुम्ही दोघं लाजाळू. एकमेकांच्या तोंडावर मनातलं बोलायची सवय नाही. म्हणून ती भाजी चिरता चिरता भिंतीला सांगायची. आता डॉक्टरांकडे जायला नको, मी थकले. आईची आठवण येते. काल तुम्ही उगाच रागावलात. तुम्ही खुर्चीत बसून ऐकायचात, चकार शब्द काढायचा नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तसं तसं झालेलं असायचं. डॉक्टर बंद झाले. आई महिनाभर राहायला आली. तुम्ही न बोलता मोगऱ्याचा गजरा आणून ओट्यावर ठेवलात. आम्हाला वाटायचं हे जोडपं एकमेकांशी बोलतच नाही. आणि तुमचा पंचेचाळीसेक वर्षांचा संसार असा घुमटावरून चालला होता.

 मग विचारलं, आणि मी बोललो ते?

अक्का म्हणाली, "तेही गेलं. मी हळू म्हटलं तोवर गेलं होतं. जेवताना काही बोलले नाहीत. संध्याकाळी कागद काढून बसले. मला म्हणाले, तुझा तम्मा दोन्ही नाही म्हणाला. त्यातलं एक तरी माझ्या हातात आहे, अल्वा?"

अल्वा म्हणजे नाही का, आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ती मला अजून तशीच हाक मारते. मी म्हटलं, मला एवढी वर्षं सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, त्याला कळलं तर तो यायचा बंद होईल."

भावजी, मी रडलो. साठी उलटलेला माणूस, तुमच्या सिमेंटच्या थंडगार बाकावर बसून पोरासारखा रडलो. पस्तीस वर्षं मी जिंकल्याचा तोरा मिरवला आणि तुम्ही तो मिरवू दिलात. माझ्या जिभेनं तुमच्या वर्मावर घाव घातला होता आणि तुम्ही त्याचं ड्रॉइंग काढून माझ्याचकडे आणलंत, माझ्याच कपाटाला जागा करून दिलीत, आणि वर मी हसलो तेही सोसलंत. एकदा तरी तोंडावर शिवी द्यायची होतीत. मी माफी मागितली असती. कदाचित मागितली नसती, भांडलो असतो. तेही तुम्हाला माहीत असणार.

अक्का उठली आणि तुमच्या खुर्चीत जाऊन बसली. तीही तिथं पहिल्यांदाच बसत होती. पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, जा, तिथनं बोल.

मी ओट्यापाशी गेलो. तिथली भिंत वर्षानुवर्षांच्या फोडणीनं पिवळी पडली आहे. तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो. मग अगदी खालच्या आवाजात, तेव्हा बोललो होतो तेवढ्याच, म्हणालो, "भावजी, चुकलं माझं." आणि थोडं थांबून म्हणालो, "ती मूले अर्धा अंश कमीच आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

 माथ्यावरच्या डोळ्यातून आलेला उन्हाचा गोल चारच्या खुणेला टेकला होता. आणि मग घुमटावरून, अगदी कानाशी, अक्काचा आवाज आला.

"आलं ऐकू. उभाच आहेस तर काफी ठेव, तम्मा."

मी दूध तापत ठेवलं, आणि ते वर येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून तिथंच उभा राहिलो.